म्हसोबाचा पैरा

मुरगूड
८ ऑगस्ट २००४

चि. प्रीतीस,
आबाचा जय भीम आणि आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, राग धरू नकोस. रिकाम्या डब्यातून तुझं पत्र येऊन आठवडा झाला. तुझी आजी रोज सकाळी डबा भरून पहिल्या एस्टीच्या कंडक्टरकडे देते, तेव्हा झाकणाखाली चार ओळी सरकवायला काही लागत नाही, हे मलाही कळतं. पण आधी चष्मा सापडेना. तो सापडला तर पेन उठेना. मग काळजीच एवढी लागली की सुरुवात कुठून करावी ते सुचेना. आजी म्हणते, "त्यापरीस फोन करा की." पण होस्टेलच्या फोनवर मला तुझं बोलणं ऐकू येत नाही, आणि तुझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरी हसतात ते मात्र स्पष्ट ऐकू येतं.

जुलैत तू आलीस आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून रडलीस, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वर्गातल्या पोरींच्या घरी कॉम्प्युटर आहेत आणि तू माऊस पहिल्यांदा कॉलेजातच धरलास. सर पुस्तकातलं इंग्रजी वाचून दाखवतात आणि फळा पुसतात. दिवाळीपर्यंत थांब, नाहीच जमलं तर परत ये, असं मी तुला म्हणालो. तुझ्या बापानं लगेच पुढचं ठरवून टाकलं, की पंचतारांकित एमआयडीसीत त्याच्या कंपनीत पॅकिंगला मुली घेतात. पॅकिंगला जाणाऱ्या मुली काही वाईट नाहीत. पण मी चौथी, तुझा बाप दहावी, आणि कॉलेजचं दार बघणारी आपल्या घरातली तू पहिली. त्या पॅकिंगचं नाव निघालं की मला भाकरी गिळवत नाही.

आता तू लिहितेस, की इंटरनेटवर एक ग्रुप आहे, तिथं तुझ्यासारखीच पहिल्या वर्षाची पोरं एकमेकांना शिकवतात. वाचून बरं वाटलं होतं. मग मी ते शेजारच्या हंबीररावांना वाचून दाखवलं, तिथं चुकलो. ते म्हणाले, कॅफेत खुराड्यासारखे कप्पे असतात आणि कप्प्यांना पडदे असतात. शिकायला पडदा कशाला लागतो? एका गावची मुलगी म्हणे इंटरनेटवरच्या पावण्याबरोबर थेट नाशिकला निघून गेली. कुठल्या गावची, ते काही त्यांना आठवलं नाही.

ही पोरं कुठली, कुणाची, आणि फुकट का शिकवतात, ते सविस्तर लिही. त्यांच्या आईबापांची नावं कळली तर बरं.

तुझा,
आबा


कोल्हापूर
११ ऑगस्ट २००४

ती. आबांस,
प्रीतीचा जय भीम.

तुमचं पत्र खरड्याच्या तेलात भिजून आलं. नाशिकची मुलगी नेमकी तेलाखाली गेली होती, पण समजलं.

मी राजारामपुरीतल्या कॅफेत मंगळवारी आणि शनिवारी जाते. पडदा आहे, पण तो अर्धा फाटलेला आहे. शिवाय मालकाची आई तिथंच बसून मेथी निवडत असते आणि कोण काय बघतंय ते मान वाकडी करून बघते. हंबीररावआजोबांना सांगा, तिच्यासमोर नाशिक सोडाच, मिरजेलासुद्धा कुणी पळून जाऊ शकणार नाही.

ग्रुपचं नाव 'पहिली पायरी'. मराठीच लिहितो, पण इंग्रजी अक्षरांत. आईबापांची नावं कशी सांगू? तिथं स्वतःचंच नाव कुणी लावत नाही. एकजण झोपाळू आहे, एकजण सेमीकोलन. मी खरडा. सगळ्यात जास्त मदत करतो तो म्हसोबा.

वर्गात काही विचारलं की सर म्हणतात, "एवढंही येत नाही?" इथं विचारलं की म्हसोबा आधी लिहितो, "माझंपण असंच झालेलं." मग चूक कुठं असेल ते मलाच शोधायला लावतो. तेव्हा राग येतो, पण नंतर ते विसरत नाही. खरं सांगू का आबा, उत्तरापेक्षा ते "माझंपण असंच झालेलं" वाचायलाच मी जाते. एवढ्या मोठ्या कोल्हापुरात मी एकटीच मठ्ठ नाही, हे त्या दिवशी कळलं.

म्हसोबा गारगोटीचा आहे. परवा त्यानं उशिरा उत्तर दिलं, तर म्हणाला, भुईमुगाच्या भांगलणीला माणसं मिळेनात, म्हणून घरचे सगळे रानात होते. फुकट का शिकवतो ते विचारलं नाही. मी मात्र कुणाला शिकवत नाही. मला काय येतंय?

आजीला सांगा, भाकरी चार घाल. इथली भाजी गरम पाण्यासारखी असते.

तुमची,
प्रीती


मुरगूड
१४ ऑगस्ट २००४

चि. प्रीतीस,
आबाचा जय भीम.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा म्हसोबापाशी अडखळलो. छप्पन साली माझ्या आईनं घरातले देव टोपलीत भरले आणि वेदगंगेत सोडून दिले. टोपली माझ्या डोक्यावर होती. त्यात म्हसोबाचा शेंदूर फासलेला गोटा सगळ्यात जड, मान आठवडाभर दुखत होती. आणि आता माझी नात दर मंगळवारी आणि शनिवारी म्हसोबाकडे जाते. ते पोरगं माणूसच आहे हे मला समजतं, पण दुसरं नाव त्याला मिळालं नाही का? आणि तू खरडा. शाळेच्या दाखल्यावर प्रीती लिहून घ्यायला मी मास्तरांशी अर्धा तास भांडलो होतो.

पण खरी काळजी वेगळी आहे. तू लिहितेस, मी कुणाला शिकवत नाही. मग हे घेतेस ते फेडतेस कशानं? होस्टेलवर राहून पैरा म्हणजे काय ते विसरलीस का? आज चार घरं माझ्या रानात राबली, तर उद्या मी त्यांच्या रानात राबायचं. तिथं पैसा नाही, कागद नाही, नुसता शब्द. जो घेतो आणि फेडत नाही, त्याला पुढच्या हंगामात कुणी हाक मारत नाही, आणि त्याच्या रानात तण कमरेला लागतं. आपल्या घरावर कधी कुणाचा पैरा राहिला नाही. ज्याला फेडता येत नाही त्यानं मागू नये, असं आपलं माझं मत आहे.

हे वाचून आजी म्हणाली, "तुमची काळजी डब्यात घालू नगासा, भाकरी आंबत्यात." तरीही घालतो आहे.

तुझा,
आबा


कोल्हापूर
२७ ऑगस्ट २००४

ती. आबांस,
जय भीम.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. तुमचं पटलं. मी आता कुणाचा पैरा डोक्यावर घेत नाही. अभ्यास ठीक चालला आहे. आजीला सांगा, दोनच भाकरी पुरे.

बाबांच्या कंपनीत पॅकिंगला अजून मुली घेतात का? एका मैत्रिणीला विचारायचं होतं.

प्रीती


मुरगूड
३० ऑगस्ट २००४

चि. प्रीतीस,
आबाचा जय भीम.

तुझं पत्र वाचून समाधान वाटलं. नात माझ्या शब्दाबाहेर नाही, असं मी हंबीररावांना दोनदा सांगितलं. मैत्रिणीसाठी तुझ्या बापाला विचारलं. दिवाळीनंतर घेतील म्हणाला. पण तिला माझा निरोप सांग, म्हणावं, शिकणं अर्ध्यावर सोडू नकोस. आमच्या प्रीतीकडे बघ, तिलाही आधी जड गेलं, पण टिकून राहिली.

आता मागचा राहिलेला पैरा. तो तुला फेडता येणार नाही, कारण तुला कॉम्प्युटर येत नाही. मला भांगलण येते. त्या म्हसोबाचा भुईमूग अडला आहे असं तूच लिहिलं होतंस. गुरुवारी मी खुरपं घेऊन गारगोटीला जाऊन येतो. एक दिवस राबलो की आपण मोकळे. तू काळजी करू नकोस.

तुझा,
आबा


मुरगूड
३ सप्टेंबर २००४

चि. प्रीतीस,
आबाचा जय भीम.

काल गारगोटीला गेलो होतो. कंबर धरली आहे, म्हणून आडवा पडून लिहितो. अक्षर सांभाळून घे.

स्टँडवर उतरलो आणि म्हसोबा कुठं राहतो ते चहाच्या गाड्यावर विचारलं. त्या माणसानं मोठ्या भक्तीनं रस्ता दाखवला. चालत गेलो तर पुढं चिंचेचं झाड, खाली शेंदूर, आणि नारळाची टरफलं. टोपलीचं ओझं उतरवल्यापासून मी ज्याच्या वाटेला गेलो नव्हतो, त्याच्यासमोर खुरपं हातात घेऊन उभा. तेवढ्यात एक बाई नैवेद्य घेऊन आली आणि मला म्हणाली, "सरका की जरा पावणं, का एकट्यालाच पावायचाय?"

परत गाड्यावर आलो. म्हणालो, हा नव्हे, कॉम्प्युटरमधला म्हसोबा पाहिजे, त्याचा पैरा फेडायचा आहे. चहावाल्यानं मला आधी सावलीत बसवलं आणि पाणी दिलं. मग समोरच्या माडीवर कॅफे आहे तिथं विचारा म्हणाला. मी वर गेलो. कॅफेचा मालक उदयसिंह पोट धरून हसला. "म्हसोबा व्हय? आमची शिवानी की ती."

प्रीती, म्हसोबा मुलगी आहे. तिथंच कोपऱ्यात बसली होती. तुझ्याएवढीच, दोन वेण्या घालते. मी विचारलं, बाळ, असलं नाव का घेतलंस? म्हणाली, "आजोबा, मुलीचं नाव लावलं की प्रश्नाला उत्तर येत नाही, मैत्री करशील का म्हणून चिठ्ठ्या येतात. म्हसोबाला कोण चिठ्ठी टाकतंय?" मला जरा हायसं वाटलं. पण मग ती म्हणाली, की गेल्या वर्षी ती ह्याच विषयात नापास झाली आणि आता पहिलं वर्षच पुन्हा करते आहे. माझा जीव पुन्हा टांगणीला. नापास झालेली तुला शिकवत होती! मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "नापास झाल्याबिगर एवढ्या चुका पाठ हुत्यात व्हय?"

मग ती मला घरी घेऊन गेली. घरी तिची आजी अंबूबाई. मी आलो कशाला ते ऐकून घेतलं आणि मला भुईमुगातली माझ्या वाटणीची पात दाखवली, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत. संध्याकाळपर्यंत भांगललं. माझ्यापेक्षा म्हातारीचा हात चपळ, ती बांधाला टेकून परत फिरायची तेव्हा मी मध्यातच असायचो, आणि जाता जाता म्हणायची, "तण काढायचं हाय पावणं, शेंगा न्हवं." जेवायच्या वेळी तिनं गाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. मागून घोळ नको म्हणून मीच सांगितलं, आम्ही जय भीमवाले. ती म्हणाली, "असाल की. भाकरी दोन घालू का तीन?"

आता मुख्य गोष्ट. निघताना मी शिवानीला म्हणालो, खरडाचा पैरा फिटला. ती म्हणाली, "खरडा हाय कुठं पण? पंधरवडा झाला, सगळे विचारत्यात." तिनं मला पुन्हा त्या माडीवरच्या कॅफेत नेऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवलं. झोपाळूनं विचारलं होतं, सेमीकोलननं विचारलं होतं. खरडा बरी आहे ना? तुझं उत्तर कुठंच नाही.

एस्टीत बसल्यावर मी हिशेब लावला. माझं पत्र गेलं त्यानंतरच तू जायची बंद झालीस. भाकरी दोनवर आल्या. आणि ती मैत्रीण कोण, तेही मला मुरगूड यायच्या आत कळलं.

मी पैऱ्याचं लिहिलं ते हंबीररावांनी डोक्यात काळजी घातली म्हणून. पण पत्र माझ्याच हातचं होतं, हे खरं. खरं काय ते आता लिही.

आबा


कोल्हापूर
६ सप्टेंबर २००४

ती. आबांस,
जय भीम.

तुम्ही खुरपं घेऊन गारगोटीला जाल असं मला खरंच वाटलं नव्हतं. वाचून हसले, मग रडले, मग पुन्हा म्हसोबाच्या चिंचेपर्यंत आले आणि हसले. कंबरेला शेक घ्या.

खरं लिहिते. तुमचं पैऱ्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात सरांनी लूपचा प्रोग्रॅम सांगितला होता. लूप म्हणजे एकच काम कॉम्प्युटरनं पुन्हा पुन्हा करत राहायचं. एक ते दहा आकडे छापायचे, एवढंच. माझे दहा झाले आणि ते पुढं अकरा, बारा, शंभर, हजार असे निघाले ते थांबेनात. कारण कुठं थांबायचं ते मी लिहिलंच नव्हतं. मला वाटलं दहा झाले की त्याला कळेल. सर मागं येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला सांगितल्याशिवाय कळत नाही आणि हिला सांगूनही." सगळा वर्ग हसला. आकडे पळतच होते.

त्या दिवशी कॅफेच्या जिन्यापर्यंत गेले होते. तुमचं वाक्य आठवलं आणि परत फिरले. तुमच्यावर राग नाही. तुमचं बरोबरच आहे. सगळ्यांना थोडंतरी येतं, मला फक्त चुका येतात. त्या कुणाला देऊन पैरा फिटतो?

दिवाळीपर्यंत थांबत नाही. येत्या रविवारी पेटी घेऊन येते. बाबांना तुम्हीच सांगा. आणि मला समजवायला इथं येऊ नका, तुम्हाला जिने चढवत नाहीत.

प्रीती


मुरगूड
९ सप्टेंबर २००४

चि. प्रीतीस,
आबाचा जय भीम.

समजवायला येत नाही. माझीच अब्रू इथं टांगली गेली आहे, त्यापुढं दुसरं सुचत नाही. कसं झालं ते सांगतो.

काल सकाळी दारात अंबूबाई आणि शिवानी, दोघींच्या हातात खुरपी. अंबूबाई म्हणाली, "पोरींचं पोरी बगतील. तुमचा एक दिवस आमच्याकडं लागतोय, त्यो फेडायला आलोय." मी नको नको म्हणालो तर म्हणाली, "का, तुमचा तेवढा पैरा आणि आमचा काय भातुकलीचा?" मग त्या दोघी आणि तुझी आजी नदीकाठच्या मिरचीत उतरल्या. मी बांधावर बसून तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. तुला विचारायला पाहिजे होतं, पण वाचून झालं.

फक्त चुका येतात, ह्या वाक्यावर अंबूबाईनं खुरपं खाली ठेवलं. "अवो, नवी सून पैऱ्याला आली तर तिला पयल्या दिवशी कोण पात देतंय? ती पाण्याची घागर घिऊन येती. त्योच तिचा दिवस. घागर आणणारीला कुणी हिशेब विचारला तर मी त्याच्या टाळक्यात खुरपं घालीन." हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती. तुझी आजी म्हणाली, "घाला की, माझी परवानगी हाय." मला तेव्हा आठवलं, आपल्या आईबरोबर मीही पहिल्या वर्षी घागरीवरच होतो.

दुपारी शिवानी मला औषधाच्या दुकानावरच्या कॅफेत घेऊन गेली. तिथंही पडदा आहे. मी तो नीट लावून घेतला, कारण खाली रस्त्यावर हंबीरराव उभे होते. शिवानीनं मला ग्रुपमध्ये घातलं, नाव खुरपं. मग म्हणाली, "आजोबा, लूप म्हंजे काय ते तुमच्या शब्दांत सांगा." तुझं पत्र मी पाच वेळा वाचलेलं, त्यामुळे मला ते समजलं होतं. मी सांगितलं, लूप म्हणजे गुऱ्हाळाच्या चरकाला जुंपलेला बैल. गोल गोल फिरत राहतो, आणि दमला की आपोआप थांबतो. तिनं जसंच्या तसं टाइप केलं आणि पाठवून दिलं. पाठवून झाल्यावर म्हणाली, "शेवटचं वाक्य चुकलंय."

मी म्हणालो, मग पूस. ती म्हणाली, पुसत नाही. मी म्हणालो, काय चुकलं ते तरी सांग. सांगत नाही. उलट तिनं खाली म्हसोबाच्या नावानं ताकीद लिहिली, की खुरपंआजोबांची चूक कुणीही दुरुस्त करायची नाही, ती खरडाच्या वाटणीची आहे, खरडाच दुरुस्त करेल. सेमीकोलननं लिहिलं, बरं. झोपाळूनंही लिहिलं, बरं. म्हसोबाच्या शब्दाबाहेर तिथं कुणी जात नाही असं दिसतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण उठताना अजून एक चिठ्ठी आली. 'नवा गडी' असं नाव लावलेला कुणी पोरगा आहे, कालच ग्रुपमध्ये आला आहे. त्यानं खालची ताकीद न वाचताच लिहिलं, "धन्यवाद खुरपंकाका, दोन आठवडे कळत नव्हतं, आज कळलं. सोमवारी माझी परीक्षा आहे, हेच लिहितो."

प्रीती, माझं चुकीचं वाचून एक पोरगं शिकलं. कुणाचं आहे, कुठलं आहे, काही माहीत नाही. सोमवारी ते लिहून येईल की बैल दमला की थांबतो, आणि त्याचे सर त्याला सगळ्यांसमोर हसतील. चूक काय आहे ते म्हसोबाला ठाऊक आहे, पण तो तोंड उघडत नाही. मी हंबीररावांना विचारलं, ते म्हणाले, बैल दमतोच, बरोबर आहे तुमचं. म्हणजे मुरगूडात कुणाला विचारायची सोय नाही. तुझा बैल दहावर का थांबला नाही, हे आपल्या सगळ्या घरात फक्त तू डोळ्यांनी बघितलंस.

रविवारी पेटी घेऊन यायचंच असलं तर ये. स्टँडवर मी उभा असेन, तुझ्या बापालाही मीच सांगेन, तुला एक शब्द बोलणार नाही. फक्त शनिवारी आधी त्या मेथी निवडणाऱ्या बाईसमोर जाऊन बस आणि त्या पोराला काय ते लिही. सुरुवातीला "माझंपण असंच झालेलं" लिहायला विसरू नकोस.

उद्याच्या पहिल्या गाडीनं डबा येतो आहे. आजीनं कुणालाही न विचारता चार भाकरी घातल्या आहेत. डबा रिकामा परत पाठवू नकोस, दोन ओळी घाल. कोल्हापूरची गाडी यायच्या वेळेला मी रोज स्टँडवर जाऊन उभा राहणार आहे, आणि त्या कंडक्टरला आता माझा कंटाळा आला आहे. कंबर अजून दुखते आहे, झोप लागत नाही. तो बैल का दमत नाही, तेवढं लवकर कळव.

तुझा,
आबा